देव्हाऱ्यातला असोला नारळ

मार्च सरत आला की आमच्या बिल्डिंगमध्ये पहिली शिंक तिसऱ्या मजल्यावर येते. मग दुसऱ्या, मग आमच्या पहिल्या. वर गच्चीत कुणीतरी मिरच्या पसरलेल्या असतात आणि जिन्यातून वारा उतरताना मिरचीचा तो झणझणीत खाट सोबत घेऊन येतो. सेक्रेटरी दरवर्षी खाली बोर्डावर नोटीस लावतो, 'गच्चीत वाळवण घालू नये', आणि त्याचीच बायको दरवर्षी सगळ्यात आधी चादर अंथरून मोक्याची जागा अडवते. चारकोपात आम्हाला पंचवीस वर्षं झाली. नोटीस तीच आहे, चादर तेवढी बदलली.

यंदा पहिली शिंक आली आणि माझा हात आपोआप मानेकडे गेला. डाव्या बाजूला, कानाच्या खाली. चार वर्षांपूर्वी तिथे सुपारीएवढी गाठ लागली होती, पाणी पिऊन तोंड-मान पुसायला पदर उचलला तेव्हा. दुखत नव्हती, म्हणून महिनाभर मीही तिच्याकडे बघितलं नाही. शिंकेचा आणि गाठीचा काहीएक संबंध नाही, हे मला कळतं. हाताला कळत नाही. शिंक मिरचीची, घसा खवखवतो मिरचीने, डोळ्यांत पाणी मिरचीचं, आणि मी आरशासमोर मान वाकडी करून उभी.

"काय बघतेस?" मंगेश विचारतो.

"काही नाही. मंगळसूत्र अडकलंय."

लग्नाला तीस वर्षं झाली त्याच्याशी. त्याला माहीत असतं की मंगळसूत्र अडकलेलं नाही.

तो सीझन मला वासांतूनच आठवतो. गाठीचं नाव कळलं होतं, लिम्फोमा, आणि तिसरी केमो झाली होती. जिभेवर सतत नाणं ठेवल्यासारखी चव. चहा नको, भात नको, साबणसुद्धा नको. आणि नेमकी तेव्हा सगळ्या बिल्डिंगची मिरची भाजायची वेळ. खालच्या घरात धणे भाजले की मी बाथरूममध्ये. वरच्या घरात बेडगी तव्यावर पडली की मी परत बाथरूममध्ये. ज्या वासावर मी वाढले, ज्या वासाने माझं माहेर आणि सासर दोन्ही ओळखू येतं, तो माझ्या अंगावर धावून यायला लागला. मला तेव्हा फार रडू यायचं, आणि ते आजारासाठी नाही, या वासासाठी यायचं.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मालवणकडच्या. आज ऐंशीच्या पुढे आहेत, म्हणजे तेव्हाही सत्तरीच्या शेवटाला होत्या. त्या बाईने काय करावं? दाराच्या खालच्या फटीला ओला टॉवेल लावला, खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या आणि वरपासून खालपर्यंत एकेक दार ठोठावून सांगून आल्या, "आमच्या सुषमाक वास सोसना नाय. भाजूचा आसा तर दुपारी भाजा, ती झोपता तेव्हा." बायकांनी ऐकलं, ही बिल्डिंगची कमाल. सेक्रेटरीची नोटीस कधी ऐकली नाही, पण हे ऐकलं.

आणि त्या वर्षी आमच्या घरी मसाला झालाच नाही. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच. मसाला माझा. आईंनी माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माझ्या हातचा चाखला आणि भाजणं-मोजणं माझ्या हवाली केलं, त्या फक्त चव बघायला राहिल्या. त्या वर्षी दुकानातली पाकिटं आली. आईंनी पूर्ण वर्षभर, एक दिवस न चुकवता, पहिला घास घेऊन म्हटलं, "ह्येका मसालो म्हणतत?" मी तिथेच, टोपी घालून पेज गिळत असायची. तेव्हा राग यायचा. माझं इथे काय चाललंय आणि बाईला मसाल्याची पडलीय!

त्याच दिवसांत एकदा सकाळी देव्हाऱ्यात नारळ दिसला. सोललेला नव्हे, असोला, वरच्या जाड सोडणासकट, लाल कपड्यात बांधलेला. आई म्हणाल्या, "नवस बोललंय." बस, इतकंच. कुणी विचारलं नाही की काय बोललात. आमच्याकडे ते विचारत नाहीत, आणि विचारायचं तरी काय? घरात सून केमोला जातेय. नवस कसला असणार? देवी, बरी कर, मग गावी येऊन ओटी भरते, नारळ ठेवते. मंगेशने तेच धरलं, मुलुंडच्या नणंदेने, वर्षाने, तेच धरलं, मीही तेच धरलं.

सहाव्या केमोनंतर स्कॅन झाला. डॉक्टर बाई माझ्यापेक्षा वयाने लहान, पण बोलायला सरळ. स्क्रीनकडे बघून हसल्या. "स्कॅन स्वच्छ आहे. कम्प्लीट रेमिशन."

मंगेश खुर्चीतून अर्धा उठला. "म्हणजे बरी झाली!"

"म्हणजे आत्ता आजार कुठे दिसत नाही," त्या म्हणाल्या. "ही फार चांगली बातमी आहे. पण बरी झाली हा शब्द मी आज वापरणार नाही. काही वर्षं असंच स्वच्छ राहू दे. जितके दिवस जातील तितकी परत येण्याची भीती कमी होत जाते. तोपर्यंत तपासणीला यायचं."

"दिसत नाही म्हणजे नाही असंच ना?" मी विचारलं.

"दिसत नाही म्हणजे दिसत नाही."

आता मला काय सुचावं? मी म्हटलं, "मॅडम, आम्ही मिरची वाळली की नाही ते मोडून बघतो. कडकन् मोडली तर वाळली. वाकली तर आत ओल आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आणि एक ओली मिरची गेली ना, पूर्ण बरणी बुरशी धरते. तसं काही नसतं का?"

त्या म्हणाल्या, "स्कॅन म्हणजे तेच आहे. पण अगदी बारीक ओल असेल तर ती स्कॅनला दिसत नाही. असेलच असं नाही. नसेलच असंही सांगता येत नाही. म्हणून वाट बघायची."

मी बाहेर येऊन पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिले. रडू की हसू ते कळेना. मला 'हो' म्हणाल्या की 'नाही' म्हणाल्या, तेच कळेना. मंगेशला सगळं कळलं होतं. घरी पोचेपर्यंत त्याने वाटेत एक किलो पेढे घेतले होते आणि जिन्यात तळमजल्यापासून सुरुवातही केली होती. "सुषमा बरी झाली!" मी मागून ओरडतेय, "अरे, तसं नाही म्हणाल्या त्या! थांब ना!" पण पेढा तोंडात गेलेल्या माणसाकडून परत कसा घेणार? तिसऱ्या मजल्यापर्यंत मी बरी झालेली होते. खाली उतरून आमच्या घराचं दार उघडलं तेव्हा पुन्हा नव्हते.

आईंनी पेढा घेतला, देवापुढे ठेवला, आणि मला विचारलं, "वास येता का गो आता?"

मी म्हटलं, "कसला?"

"कसलोय. येता ना?"

मी नाक वर करून बघितलं. डाळीला फोडणी पडत होती कुठेतरी. लसूण, हिंग. पोटात ढवळलं नाही. "येतो," मी म्हटलं. आई आत गेल्या. त्यांना रेमिशनचं काही विचारायचं नव्हतं.

मी कांदिवलीच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. आयुष्य गेलं लोकांचे फॉर्म परत करण्यात. हा रकाना रिकामा का, इथे सही का नाही, हो किंवा नाही लिहा, मध्येच रेघ मारू नका. पालक मला टरकून असतात. आणि मागच्या वर्षी स्टाफसाठी मेडिकलचा फॉर्म आला. 'सध्या कोणताही गंभीर आजार आहे का? हो / नाही.' मी पेन उघडून बसले. हो लिहावं तर स्कॅन स्वच्छ. नाही लिहावं तर तपासणीची तारीख पर्समध्ये. अर्धा तास त्या दोन शब्दांसमोर बसून शेवटी मी काय केलं, तर मध्ये रेघ मारली. माझाच फॉर्म माझ्याकडे परत आला.

मला माणसांचा प्रॉब्लेम नाही, ती चांगली आहेत. पण "आता एकदम ओके ना?" असं कुणी विचारलं की माझी वाट लागते. 'हो' म्हटलं तर आत कुणीतरी दचकतं, बोललीस ना, आता बघ. 'माहीत नाही' म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो आणि मलाच त्याची समजूत काढावी लागते. आजारी होते तेव्हा बरं होतं, असं एकदा माझ्या तोंडून निघून गेलं आणि मंगेश दोन दिवस बोलला नाही. मला म्हणायचं होतं की तेव्हा काय करायचं ते माहीत होतं. गोळी घ्या, सुई घ्या, झोपा. आता काय करायचं असतं? बऱ्या माणसासारखं जगायचं की आजारी माणसासारखं जपायचं? दर तीन महिन्यांच्या तपासण्या सहा महिन्यांवर गेल्या, सहाच्या वर्षावर गेल्या. आनंदाचीच गोष्ट. पण आधी तीन महिन्यांनी कुणीतरी सांगायचं की सगळं ठीक आहे. आता पूर्ण वर्ष मलाच सांगत बसावं लागतं.

यंदा नणंदेने, वर्षाने विषय काढला. फोन स्पीकरवर होता, मी मिरच्यांचे देठ काढत होते.

"वहिनी, मेमध्ये गावी जाऊया सगळे. तो नवस फेडून टाकूया. चार वर्षं नारळ देव्हाऱ्यात पडलाय, बरं दिसतं का?"

"फेडायचा म्हणजे काय म्हणायचं तिथे?"

"गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालेल ना. बरी झाली, तुझं तुला पावतं करतो. तू नुसते हात जोडायचे."

"आणि मी बरी झालेली नसले तर?"

मग मंगेशच इकडून उखडला. "झालं हिचं सुरू! अगं, ठणठणीत आहेस. गच्चीपर्यंत जिने चढतेस, माझ्यावर ओरडतेस. अजून काय पाहिजे?"

"डॉक्टर अजून म्हणाल्या नाहीत."

"देवी काय डॉक्टरचा कागद मागणार आहे?"

"तू देवीसमोर खोटं बोलशील? मी नाही बोलणार. आणि बोलले आणि ते परत आलं तर? मग मी काय तोंड दाखवू तिला?"

तेवढ्यापुरता विषय मिटला, पण माझ्या डोक्यात राहिला. खोटं बोलायची भीती होतीच, आणि त्याच्या उलटही भीती होती. समजा देवीने केव्हाच दिलंय. समजा मी खरंच बरी आहे आणि चार वर्षं आभारसुद्धा न मानता हात आखडून बसलेय. मग? आई थकत चालल्यात. पूर्वी गच्चीवर चढून मिरच्या उलथायच्या, आता खुर्चीतून सांगतात. त्यांनी बोललेला नवस त्यांच्या डोळ्यांदेखत फिटायला नको? दर वर्षी मी 'पुढच्या वर्षी' म्हणणार आणि एखाद्या वर्षी आईच नसणार. सांगा, काय करायचं माणसाने?

आई या सगळ्यात खुर्चीत बसून मिरच्या मोडून बघत होत्या. कडक्. कडक्. एक वाकली, ती बाजूला टाकली.

पाडव्याच्या दोन दिवस आधी मी देव्हारा घासायला काढला. एरवी तो नारळ आईच उचलतात, आईच ठेवतात. त्या दिवशी त्या अंघोळीला गेल्या होत्या आणि मला घाई होती. मी एका हाताने उचलला. जड लागला. हलला, आणि आत पाणी वाजलं.

मी जागीच थांबले. कानाशी नेऊन परत हलवला. डुबुक. डुबुक. स्पष्ट.

आता मी कोकणातली. नारळाचं मला कुणी शिकवायला नको. असोला असला तर सोडणामुळे टिकतो, मान्य. वर्षभर टिकेल. पण चार वर्षं? चार वर्षांत पाणी आटून आत सुक्या खोबऱ्याचा गोटा व्हायला हवा होता, खुळखुळ्यासारखा वाजणारा. याच्यात पाणी होतं. मी कपडा सोडला. सोडण वाळून तपकिरी झालेलं, पण चार वर्षांइतकं जुनाट नव्हे.

आई केस पुसत बाहेर आल्या. मी नारळ हातात धरून उभी.

"आई, हा तो नारळ नाही."

"खंयचो?"

"नवसाचा. हा फार तर वर्षाचा आहे. तो कुठे गेला?"

आईंनी टॉवेल खांद्यावर टाकला, माझ्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं आणि खुर्चीत बसल्या.

"तो तू खाल्लंस."

"मी?"

"गेल्या पाडव्याक खोबऱ्याचे वडये केललंय. चार खाल्लंस एका टायमाक. तेच्या आदल्या वर्सा सोलकढी. तेच्या आदल्या वर्सा काय केललंय ता माका आता याद नाय."

मी खाली बसले. नारळ मांडीत. "आई, नवसाचा नारळ तुम्ही फोडलात? न फेडता?"

"न फेडता कित्याक फोडीन? खुळी काय तू? फिटलो म्हणान फोडलंय."

"कसा फिटला? मी बरी झाले असं कुणी म्हटलंय?"

"बरी कर असा मी मागलंयच खंय?"

आणि मग त्यांनी सांगितलं. अगदी साध्या आवाजात, खालच्या नारळवाल्याशी बोलावं तसं. त्या वर्षी मी हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेली, डोक्यावर केस नाही. डॉक्टर मंगेशला दाराबाहेर काय म्हणाल्या ते आईंनी आतून ऐकलं होतं. काय ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारणार नाही. घरी येऊन त्या देवासमोर उभ्या राहिल्या. "बरी कर म्हणाक गेलंय. जीभ वळाक नाय. इतक्या मोठा कसा मागू? मगे म्हटलंय, देवी आवशी, फुडच्या वर्साचो मसालो हिच्याच हातचो होवंदे. इतक्याच."

"आणि?"

"आणि काय? झालो. तुझ्या हातचो मसालो झालो, बरणी भरली, नारळ खाली नेऊन सोलून घेतलंय, फोडलंय. नवो ठेवलंय. परत तसाच म्हटलंय."

मला सांगायला लाज वाटते, पण मला पहिल्यांदा आला तो राग. भयंकर राग. "एका वर्षाचं? आई, अहो, मागून मागून एका वर्षाचं? देवीकडे मागायचं तर जरा तोंड उघडून मागायचं ना! माझं आयुष्य होतं ते! मसाल्याची बरणी नव्हती!" मी बोलत होते आणि रडत होते आणि तो नारळ पोटाशी घट्ट धरला होता.

आईंनी माझं बोलून संपू दिलं. मग म्हणाल्या, "तीन वेळा मागलंय. तीनय वेळा दिल्यान. तुका आणि काय व्हया?"

तीन वर्षं मी सगळ्यांना समजावत होते की बरं होणं वेगळं आणि रेमिशन वेगळं, मंगेशला, वर्षाला, शाळेतल्या बायकांना, आणि रात्रंदिवस स्वतःला. आणि घरात एक बाई होती जिला तो शब्द उच्चारतासुद्धा येत नाही आणि जी पहिल्या दिवसापासून तेवढंच मागत होती जेवढं डॉक्टर देऊ शकत होत्या. एकदम मला आठवलं, पेढ्यांच्या दिवशी तिने काय विचारलं होतं. वास येतो का. मसाला भाजायला वास यायला लागतो.

"हे आधी का नाही सांगितलंत? मी तिकडे गावी जायला घाबरतेय..."

"तू इचारलंस खंय? सगळ्यांका ठावक होता ना," त्या म्हणाल्या, आणि खुदकन हसल्या. दात नाहीत पुढचे दोन.

मसाला पाडव्यानंतरच्या आठवड्यात झाला. खरं सांगते, आजारानंतर मी दर वर्षी पाचऐवजी तीनच किलो मिरची आणायचे. मुलगा पुण्याला, आम्ही तिघं, कशाला एवढा, असं सांगायचे. कारण वेगळं होतं, वर्षभराची बरणी भरायला मन धजत नव्हतं, आणि मला वाटायचं ते कुणाला कळलेलं नाही. यंदा मिरचीवाल्याला तोंडातून गेलं, "पाच." बेडगी जास्त, संकेश्वरी कमी. मी भाजला, गिरणीत कांडून आणला. बरणी भरली, वर हिंगाचे खडे ठेवले. आईंनी चिमूट जिभेवर घेतली, डोळे मिटले, आणि वर्षातलं एकमेव सर्टिफिकेट दिलं, "हां."

नारळ मंगेशने फोडला. पाणी वाटीत धरलं, तिघांनी घोट घोट प्यायलं. किंचित तुरट झालं होतं, पण पाणी होतं. मंगेशला सगळं सांगितलं तेव्हा तो गॅलरीत जाऊन बराच वेळ खालच्या रिक्षा बघत उभा राहिला होता.

नवा नारळ कपड्यात बांधून आई उठायला लागल्या आणि गुडघा धरून परत बसल्या. "तूच ठेव यंदा," म्हणाल्या. "आणि काय ता तूच म्हण."

मी देव्हाऱ्यासमोर उभी राहिले. तपासणी पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर या वेळी तो शब्द म्हणतील की नाही मला माहीत नाही, आणि म्हटल्या तरी माझा हात मानेकडे जायचा थांबेल की नाही तेही माहीत नाही. बरी कर म्हणू? बरी ठेव म्हणू? दोन्ही म्हणून बघितलं मनात. मग पाठीमागे खुर्ची करकरली, आई पाय लांब करून बसत होत्या, जिभेने अजून दातांतला मसाला शोधत. त्यांना कसलाही आजार नाही. त्यांच्याकडे कुठलाच रिपोर्ट नाही.

मी नारळ ठेवला आणि म्हटलं, पुढच्या वर्षीची चव बघायला आई असू देत.

"काय मागलंस गो?" मागून आवाज आला.

"मसालाच," मी म्हटलं.